आमचा पाऊस, त्यांची वाईन

वाईनचा विषय निघाला, की लोक तडक फ्रान्सला जातात. आम्ही पडलो भोरचे. आमची धाव भाटघर धरणापर्यंत! पण हसू नका. महाराष्ट्रातल्या एका नामांकित वाईनची हकीकत या धरणापासूनच सुरू करावी लागते.

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याचं आता 'राजगड' असं नवं बारसं झालंय) म्हणजे डोंगरच डोंगर. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर. आणि उत्तम वाईन डोंगरउतारावरच्या द्राक्षांची, असं जाणकार सांगतात. मग आमच्या डोंगरांत काय कमी होतं? कमी काहीच नव्हतं, पाऊस जास्त होता. द्राक्षवेल म्हणजे लाडावलेली लेक. पानं ओली राहिली की केवडा, हवा दमट झाली की भुरी. आणि आमचा पाऊस जूनमध्ये येतो तो हट्टी जावयासारखा दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकतो. तेव्हा आम्ही आपला भात लावला, करवंदं खाल्ली आणि गप्प बसलो.

पाऊस मात्र गप्प बसला नाही. १८७६-७७ साली पूर्वेकडच्या पठारावर भीषण दुष्काळ पडला. पाणी डोंगरात आणि भूक पठारावर, हे पाहून इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला. पुढे १९२८ साली वेळवंडी नदीवर भाटघरचं मोठं लॉईड धरण उभं राहिलं आणि उजवा कालवा फलटण, माळशिरसकडे निघाला. धरण पंतसचिवांच्या भोर संस्थानात आणि पाणी बाहेरच्या मुलखाला! भातखाचरं बुडाली ती आमच्या खोऱ्यातली, ऊस पिकला तो त्यांच्याकडे. कांबरेश्वराचं देऊळ तर अजून पाण्यातच असतं. उन्हाळ्यात धरण आटलं की तेवढं बाहेर येऊन दर्शन देतं. नेमक्या त्याच दिवसांत वरच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आम्हाला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

उसामागून द्राक्षं आली. २००१ साली सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण काढून वाईनला सवलती दिल्या. २००७ साली माळशिरस तालुक्यात, अकलूजला, 'फ्रातेल्ली' नावाची कंपनी निघाली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. भाऊ इटलीचे, भाऊ दिल्लीचे, भाऊ अकलूजचे! आमच्या मावळात देशमुखांचे भाऊ एकत्र आले की वतनाचा तंटा ठरलेला. इथं वाईन निघाली. काळ बदलला तो असा.

ही वाईन चाखण्याचं एक शास्त्र आहे. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि तो तुरटपणाही. पिकल्या जांभळांनी जीभ कशी आवळून येते, तस्सा! पांढरीचा रस आधीच सालीपासून वेगळा काढतात. ती कैरीसारखी चटकदार, थंडगार प्यायची. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि... थुंकायचा. हो, चक्क थुंकायचा! त्यासाठी समोर भांडं ठेवलेलं असतं. पानतंबाखू खाणाऱ्या आपल्या समाजाला ही कला नव्यानं शिकवायला नको, हे खरं. पण जीव आमचा तुटतो. अहो, खोरं बुडवून साठवलेलं पाणी ते!

आता कोणत्या वेलीच्या मुळाशी कालव्याचं पाणी गेलं आणि कोणत्या वेलीला विहिरीचं, हे ती वेलच जाणे. पण तालुका कालव्याचा आहे, कालवा धरणाचा आहे आणि धरण आमचं आहे. शिवाय वाईनमध्ये शंभरात पंच्याऐंशी भाग पाणीच असतं, हे विज्ञान सांगतं. तेव्हा आमचा दावा साधा आहे. बाटलीवर द्राक्षाची जात छापता, साल छापता, गाव छापता. त्याखाली बारीक अक्षरांत 'पाऊस : भोर-वेल्हे' एवढं छापा. पंच्याऐंशी भागांचा मान आमचा. उरलेले पंधरा सगळ्या भावांनी आपसात वाटून घ्यावेत. आमची हरकत नाही.

आणि जमलंच, तर एप्रिल-मे महिन्यात वरच्या वाड्यांना एखादा टँकर जास्तीचा पाठवा. वाईनचा नव्हे हो, पाण्याचा.