वाटेवरची कोरडी झोप : खानदेशातील उघड्यावरच्या मुक्कामाचा इतिहास

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेस सह्याद्रीची टोके यांच्यामध्ये पसरलेले तापीचे खोरे म्हणजे खानदेश. १९०६ साली या मुलखाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. परंतु या साऱ्या फेरबदलांच्या आधीपासून गुजरातचा किनारा आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारी वाट म्हणूनच हा प्रदेश ओळखला जात होता. वाट म्हटली की मुक्काम आला, आणि वाटेवरचा मुक्काम बहुतेकांच्या वाट्याला उघड्यावरच येत असे. लमाणांचे तांडे, ठेलारी मेंढपाळांचे वाडे, कापसाच्या गाड्या हाकणारे गाडीवान, पंढरीला निघालेले वारकरी आणि अलीकडे सायकलीवर सामान बांधून चार-सहा दिवसांच्या प्रवासाला निघणारे सायकलस्वार या सर्वांपुढे रात्री अंग कोरडे कसे ठेवावे हा एकच प्रश्न उभा राहिला. त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. त्या बदलाचा मागोवा घेतला, तर पांघरुणाच्या इतिहासाबरोबर माणसाच्या जमिनीशी असलेल्या ओळखीचाही इतिहास हाती येतो.

या प्रदेशात उघड्यावर झोपणाऱ्याला ओल तीन वाटांनी गाठते. पहिली वाट आभाळाची. खानदेशात पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. पश्चिमेकडे नवापूरच्या डोंगराळ भागात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात येणाऱ्या धुळ्याच्या आसपास तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर थांबतो. मात्र वैशाखात संध्याकाळी अचानक वाऱ्यासह कोसळणारा वळीव आणि हिवाळ्यातला अवकाळी पाऊस कोरड्या पट्ट्यालाही सोडत नाहीत. दुसरी वाट जमिनीची. तापीकाठची काळी कपाशीची माती चिकणमातीने भरलेली असल्यामुळे उन्हाळ्यात भेगाळते, पाणी मिळताच फुगते आणि मग पाणी खाली जाऊ देत नाही. अशा जमिनीवर अंथरूण घातले, तर सर थांबल्यावरही तळातून ओल चढत राहते. तिसरी वाट झोपलेल्याच्या स्वतःच्या शरीराची. रात्रभराच्या श्वासातून आणि न दिसणाऱ्या घामातून बाहेर पडणारी वाफ बंदिस्त पांघरुणाच्या थंड अंगावर आतून साचते आणि पाऊस नसतानाही पहाटे अंथरूण दमट होते.

या तिन्हींपैकी आभाळाच्या ओलीवरचा सर्वांत जुना उपाय पांघरुणात नसून पंचांगात होता, आणि तो म्हणजे पावसाळ्यात वाटेवर न राहणे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणाऱ्या मार्गाचे टप्पे नोंदवले, त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा ही खानदेशी गावे येतात. धान्य आणि मीठ वाहणारे बैलांचे तांडे कधी दहा-बारा हजार बैलांचे असत, असेही त्याने लिहिले आहे. हा माल वाहणारे ते लमाण किंवा वंजारी, आणि कुटुंबकबिल्यासह चालणारा त्यांचा समूह तो तांडा. मीठ पाण्यात विरघळते आणि भिजलेल्या धान्याला मोड येतात, त्यामुळे तांड्याच्या दृष्टीने ओल म्हणजे थेट भांडवलाचा नाश होता. शिवाय काळ्या मातीचा चिखल झाला की लादलेल्या बैलाचा पाय उचलत नसे. म्हणून तांडे कोरड्या ऋतूत चालत आणि पावसाळ्याचे महिने जवळपास चराई असलेल्या उंच जागी गवताच्या झोपड्या घालून काढत. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ज्याने धुळे हे कारभाराचे ठिकाण केले, त्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानेच या लमाणांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून त्या काळच्या वाहतुकीत त्यांचे स्थान किती मोठे होते हे कळते.

चालीच्या दिवसांत अवेळी पाऊस आलाच, तर तांड्याचा निवारा त्याच्या मालातूनच उभा राही. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखा भार लोंबेल अशी जी जोडपिशवी टाकत, तिला गोण म्हणत. मुक्कामी उतरवलेल्या गोणी एकावर एक रचल्या की वाऱ्याच्या अंगाला भिंत तयार होई आणि तिच्यावरून जाड कापड ताणून दुसरे टोक मेखांना बांधले की पाल उभे राही. पाल म्हणजे मोजक्या काठ्यांवर तोललेला, दोन्ही टोकांना बहुधा उघडा असलेला उतरत्या छपराचा कापडी निवारा. त्यातले साधे कापड पाणी पूर्णपणे अडवत नाही. पण ते पुरेसे ताणलेले आणि पुरेशा उताराचे असेल, तर पाणी आत ठिबकण्याऐवजी धाग्यांच्या अंगाने खाली ओघळते, आणि आतून बोट लागले की नेमके त्याच जागी गळू लागते. पालाच्या भोवती चर खणून उताराकडे वाट काढून दिली, की वरचे पाणी अंथरुणाकडे येत नाही. दोन्ही टोके मोकळी असल्यामुळे श्वासाची वाफही वाऱ्याबरोबर निघून जाते.

पंचांगाचे आणि जागेचे हे गणित सर्वांत काटेकोरपणे मांडले ते मेंढपाळांनी. धुळे जिल्ह्यातील साक्री, शिंदखेडा आणि धुळे या तालुक्यांत वस्ती असलेला ठेलारी समाज पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरत आला आहे. दख्खनी मेंढी उष्णता आणि टंचाई सोसते, परंतु सततच्या ओलीत तिचे खूर सडतात. म्हणून मेंढपाळ पावसाळा पर्जन्यछायेतल्या माळांवर काढतात आणि दसरा-दिवाळीनंतर जास्त पावसाच्या, पिके निघालेल्या मुलखाकडे वळतात. डोंगर जिथे पाऊस अडवतो तिथे पावसाळ्यात राहावे आणि पाऊस सरल्यावर ओलाव्याच्या मुलखात जावे, ही रीत माणसालाही कोरडे ठेवणारी आहे. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. सामान घोडीवर लादलेले, मेंढरे रात्री जाळीच्या कुंपणात आणि कोकरे डालग्याखाली, असा हा संसार असतो. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. त्यामुळे वाड्याला कधी काळ्या रानातही उतरावे लागते. अशा वेळी कळपाची जागा शेतकरी ठरवत असला, तरी बिऱ्हाडासाठी बांधाची उंच कड किंवा मुरमाचा तुकडा पाहिला जातो, कारण मुरूम, म्हणजे खडकाची झीज होऊन बनलेला भरड थर, पाणी धरून ठेवत नाही. नदीनाल्याचे पात्र कितीही सपाट आणि मऊ असले तरी ते टाळले जाते. पांझरा, बोरी, गिरणा या नद्यांना पूर येतो तो वर डोंगरात पडलेल्या पावसाने, आणि त्या वेळी तळावरचे आभाळ निरभ्रही असू शकते.

मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी ही या परंपरेतली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू होय. मेंढरांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात, ती पिंजून हाताने तिचे सूत काढतात, आणि सणगर हे विणकर खड्ड्याच्या मागावर, म्हणजे विणकराचे पाय जमिनीतल्या खड्ड्यात सोडलेले असतात अशा मागावर, ते विणतात. लोकरीचे सूत केसाळ आणि ठिसूळ असल्यामुळे विणण्यापूर्वी ताणा, म्हणजे कापडाचे लांबीचे धागे, मोकळ्या जागेत पसरून त्यावर चिंचोक्यांची खळ कुंचल्याने चढवतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली ही चिकट पेज सुकली की धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. नव्या घोंगडीचा तो करकरीत ताठरपणा या खळीचाच असतो. वापराने आणि पाण्याने खळ निघून जाते आणि लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून वीण घट्ट होत जाते.

लोकरीच्या तंतूचा बाहेरचा पृष्ठभाग पाण्याचा थेंब सहजी धरत नाही आणि मेंढीच्या अंगची नैसर्गिक चरबी त्याला साथ देते. मात्र तंतूचा गाभा हवेतली वाफ शोषतो, आणि आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल सामावूनही लोकर हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना तिच्यातून थोडी उष्णताही निघते. त्यामुळे घोंगडी पांघरलेल्या माणसाच्या शरीराची वाफ आत साचत नाही. घोंगडीचे दोन कोपरे आत दुमडून केलेली टोपडीवजा खोळ डोक्यावर घेतली की पाणी पाठीवरून ओघळून जाते. तीच घोंगडी रात्री अर्धी अंथरून अर्धी पांघरता येते. तिला मर्यादाही आहेत. दीर्घ झडीत ती शेवटी भिजते, भिजली की फार जड होते आणि वाळायला उन्हाचा दिवस लागतो. म्हणूनच घोंगडी एकटी पुरेशी मानली गेली नाही. योग्य ऋतू आणि योग्य जागा यांच्या जोडीनेच तिच्यावर भिस्त ठेवली जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला. १८६०च्या दशकात लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) हिंदुस्थानी कापसाला अपूर्व मागणी आली आणि बैलांच्या तांड्यांची जागा गाड्यांनी व आगगाडीने घेतली. भिजलेला कापूस काळवंडतो आणि त्याचा भाव पडतो. तेव्हा स्थानकांवर, पेठांत आणि गाड्यांवर माल झाकण्यासाठी डांबर किंवा तेल-मेण चढवलेले जाड कापड रुळले. इंग्रजीत त्याला टारपॉलिन म्हणत. त्यातला ‘टार’ म्हणजे डांबर. मराठीने ताडाच्या पानाची आठवण करून देणारा ताडपत्री हा शब्द त्यासाठी वापरला. मालासाठी आलेली ताडपत्री गाडीवानाने गाडीखाली झोपताना बाजूला सोडली आणि मालाचे झाकण माणसाचे छप्पर झाले. पुढे तागाची पोती स्वस्त झाल्यावर गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेल्या खोळीने शेतमजुराच्या डोक्यावरची घोंगडीची जागा घेतली.

दुसरा बदल प्लास्टिकने घडवला. पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये लागला आणि काही दशकांत त्याचा ‘कागद’ खेड्यापाड्यांत पोहोचला. त्याचा प्रभाव पाहायचा असेल तर संत मुक्ताबाईंच्या पालखीकडे पाहावे. परंपरेनुसार शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये वैशाख वद्य दशमीस, म्हणजे वळवाच्याच दिवसांत, तापीकाठी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. जळगाव जिल्ह्यातील कोथळी-मुक्ताईनगर येथून निघणारी त्यांची पालखी आषाढी वारीतील सर्वांत लांबच्या वाटांपैकी एक वाट महिनाभरात चालते. निघताना ऊन असते आणि वाटेत मृगाचा पाऊस गाठतो. पूर्वी वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी आणि घोंगडी असे. आता पडशीबरोबर प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी असते. हा कागद हलका, स्वस्त आणि पाणी पूर्ण अडवणारा आहे, परंतु तो वाफही अडवतो. त्याच्याखाली डोक्यापासून पायापर्यंत गुरफटून झोपलेला माणूस पावसाने नव्हे, तर स्वतःच्याच श्वासाने दमट होतो. घोंगडीने सोडवलेला प्रश्न प्लास्टिकने परत आणला, आणि वाफ बाहेर सोडून पाणी अडवणारी महागडी कापडे १९७०च्या दशकापासून जगाच्या बाजारात आली ती याच प्रश्नाच्या उत्तरादाखल.

आजचा सायकलस्वार या साऱ्या परंपरेचा वारस आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या त्याच्या पिशव्या गोणीच्याच तत्त्वावर तोललेल्या असतात, त्याचे हलके एकपदरी छप्पर पालाचेच रूप असते आणि तळाशी अंथरायचे जलरोधक कापड काळ्या मातीच्या ओलीला दिलेले उत्तर असते. फरक आहे तो क्रमाचा. तांडा आणि वाडा आधी ऋतू पाहत, मग जागा, आणि पांघरुणाचा विचार शेवटी करत. बाजाराने हा क्रम उलटा केला आणि उत्तम कापड घेतले की कुठेही, केव्हाही झोपता येते असा समज रूढ केला. खानदेशाच्या इतिहासाचा निर्वाळा या समजाच्या विरुद्ध आहे. नाल्याच्या पात्रात उभारलेला महागडा तंबू पुराला अडवू शकत नाही, आणि मुरमाड माळावर, वाऱ्याकडे पाठ करून, उताराकडे चर काढून बांधलेले साधे पाल वळवाची रात्र निभावून नेते. हे ज्ञान ग्रंथांपेक्षा मेंढपाळांच्या, सणगरांच्या आणि जुन्या वारकऱ्यांच्या बोलण्यात अधिक शिल्लक आहे. अभ्यासकांनी ते त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे, आणि खानदेशातून जाणाऱ्या प्रवाशाने मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी जवळच्या वाड्यावर जाऊन, पाणी कोणत्या अंगाने येते, एवढे अवश्य विचारावे.