चोळीबांगडीचे बंगळूर

बंगळूर शहराला दोन अंगे आहेत. एक केंपेगौडाने वसविलेली जुनी पेठ, आणि दुसरे इंग्रजांनी १८०९ नंतर वसविलेले लष्कर. लष्कर भागातील भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली एक इंग्रजी कादंबरी आहे. तिची नावे अनेक, कथानक मात्र एकच. नायक उमराव घराण्यातला, देखणा, धनवान आणि बदनाम असतो. जुगार, मद्य, द्वंद्वयुद्धे आणि परस्त्रिया यांत त्याची उमेदीची वर्षे गेलेली असतात. घराण्याचे कर्ज, वडिलांचे मृत्युपत्र किंवा दोन जहागिरींमधली हद्द अशा एखाद्या रुक्ष कारणासाठी त्याचे लग्न एका सालस मुलीशी ठरविले जाते. दोघांनाही ते नको असते. अडीचशे पाने उलटली की रंगेल गृहस्थ पत्नीच्या पायाशी बसलेला दिसतो आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो.

या साच्याला विसाव्या शतकात रेखीव रूप दिले ते जॉर्जेट हेयर या लेखिकेने. तिच्या १९३४ सालच्या ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ या कादंबरीत थोरल्या बहिणीसाठी आलेल्या स्थळाशी धाकटी बहीण आपण होऊन लग्न करते. आणि तुमच्या खासगी आयुष्यात मी ढवळाढवळ करणार नाही, असे अभिवचनही त्या उमरावाला देते. पुढे काय होते ते सांगावयास नको. परंतु या कल्पनेचे मूळ आणखी दोनशे वर्षे मागे जाते. सॅम्युएल रिचर्डसनने १७४० मध्ये ‘पामेला’ लिहिली. तीत दासीच्या मागे लागलेला धनी अखेर पश्चात्ताप पावून तिच्याशी लग्न करतो. ती अफाट खपली. त्या खपाचे लेखकालाच भय वाटले की काय न कळे, पण १७४७-४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लॅरिसा’त त्याने याच समजुतीवर घाव घातला. सुधारलेला बदफैली पुरुष हाच उत्तम नवरा होतो, ही समजूत घातक आहे, असे त्याने प्रस्तावनेतच बजावले. क्लॅरिसेचे घरचे लोक इस्टेटीच्या लोभाने तिचे लग्न एका नकोशा माणसाशी ठरवितात. ते टाळण्यासाठी ती लव्हलेस नावाच्या रंगेल तरुणाचा आधार घेते आणि त्यातच तिचा नाश होतो. शेवट गोड करावा म्हणून वाचकांनी पत्रे पाठविली. रिचर्डसन बधला नाही. त्याच्यामागून आलेल्या लेखिकांनी मात्र वाचकांचे ऐकले.

हा साचा मराठीत का रुजला नाही? मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या १८७१ सालच्या ‘मोचनगडा’पासून धरतात. हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीत पहिले पाऊल टाकले ते ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून, आणि तिला आधार होता मेडोज टेलरच्या टिपूवरील १८४० सालच्या इंग्रजी कादंबरीचा. म्हणजे इंग्रजी अद्भुतरम्य कथेचा रस्ता मराठीला ठाऊक नव्हता असे नाही. तो तर म्हैसूरच्या राज्यावरूनच आला होता. अडचण समाजातच होती. इंग्रजी कथेत ठरविलेले लग्न ही अपवादात्मक घटना असते, म्हणून ती कथेला गती देते. मराठ्यांच्या आणि पेशव्यांच्या घरांत सगळीच लग्ने ठरविलेली. वर दहा-बारा वर्षांचा, वधू त्याहून लहान, मध्ये अंतरपाट आणि भोवती दोन्ही घराण्यांचे हिशेब. माधवराव पेशव्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. इथे लग्नापूर्वीच्या अनुनयाला जागाच नाही. प्रेम यावयाचे ते लग्नानंतर, माजघराच्या मर्यादेत आणि स्वाऱ्यांच्या मधल्या सवडीत. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. तिने मराठी वाचकाला भारून टाकले ते याच लग्नानंतरच्या प्रेमाने.

मग रंगेल नायक? तो मराठीतही होता. पण त्याला सुधारावयाचे नव्हते, बुडवावयाचे होते. मराठी रंगभूमीने त्यासाठी निवडलेला पुरुष म्हणजे छत्रपती संभाजी महाराज. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले होते. १९२४ साली औंधकरांचे ‘बेबंदशाही’ रंगभूमीवर आले. मद्य आणि मदिराक्षी यांच्या नादाने राज्य घालविणारा आणि मरणाने मात्र शुद्ध होणारा राजा प्रेक्षकांच्या मनात ठसला. नाटककारांनी हे मनाने रचले नाही. मल्हार रामराव चिटणीसाची बखर त्यांच्यापुढे होती, आणि हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीची ती कुप्रसिद्ध कथाही. पण ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. आणि ती लिहिणारा हा बाळाजी आवजी चिटणीसाचा वंशज होता. बाळाजी आवजीला १६८१ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली होती ती संभाजी महाराजांनीच. साक्षीदाराचे नाते ठाऊक नसताना साक्ष नोंदवून घ्यावी तसे हे झाले.

संभाजी महाराजांना सुधारले ते कोणत्या नायिकेने नव्हे, दप्तराने. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षांच्या खटपटीनंतर १९६० साली त्यांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, औरंगजेबाशी नऊ वर्षे झुंजणारा राजा त्यांतून उभा राहिला. त्यानंतरच १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ लिहिली गेली. ललित लेखकाने संशोधकाच्या मागून चालावे असे क्वचितच घडते, ते येथे घडले. महाराजांच्या वर्तनात खरोखर काही वावगे होते काय? होते, १६७८ च्या डिसेंबरात ते दिलेरखानाकडे गेले, हे कोणीही नाकारीत नाही. पण ती चूक राजकारणातली होती, रंगमहालातली नव्हे. आणि त्यांच्या शेजारी उभी राहते ती येसूबाई, म्हणजे शुद्ध राजकारणाने घरात आलेली सून. पिलाजीराव शिर्क्यांची मुलगी भोसल्यांकडे आणि भोसल्यांची मुलगी शिर्क्यांकडे, असे ते साटेलोटे होते. त्या लग्नातून आलेल्या स्त्रीने १६८९ मध्ये पतीच्या वधानंतर स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राजारामांना रायगडाबाहेर काढले, आणि पुढे १७१९ पर्यंत मोगलांची कैद भोगली. तिला कोणाला सुधारावयाचे नव्हते. तिने राज्य सांभाळले.

तथापि पतीला ताळ्यावर आणणारी पत्नी मराठ्यांच्या इतिहासात मुळीच नाही असे नव्हे. तिची कथा पुन्हा बंगळुरास घेऊन येते, मात्र या खेपेस पेठेच्या बाजूस.

विजापूरच्या फौजांनी १६३८ च्या सुमारास केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजी राजांच्या जहागिरीत आले. पुढील पाव शतक हे मराठ्यांचे दक्षिणेतील बिऱ्हाड होते. तेथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त केले आहे, राजवाड्यांनी हा चंपू उजेडात आणला. १६६४ च्या जानेवारीत शहाजी राजे वारले आणि बंगळूर तुकाबाईचा मुलगा एकोजी याच्याकडे राहिले. दहाबारा वर्षांनी एकोजीने तंजावर जिंकले आणि आपले बस्तान तिकडे हलविले. त्याची पत्नी दीपाबाई ही इंगळ्यांची मुलगी. मराठा घराण्यांच्या रिवाजाने आलेली आणखी एक ठरविलेली वधू.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले. जिंजी त्यांनी घेतली आणि जुलैत कोळ्ळडम नदीच्या काठी धाकट्या भावाची भेट झाली. वडिलांच्या दौलतीचा अर्धा वाटा त्यांनी मागितला. एकोजीने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. एका रात्री तो नदी ओलांडून तंजावरास निघून गेला. महाराज परत फिरल्यावर नोव्हेंबरात त्याने त्यांच्या मागे ठेवलेल्या फौजेवर हल्ला केला आणि वालगोंडपुरम येथे मार खाल्ला. मग मात्र तो खचला. बखरकार सांगतात की त्याने अन्न टाकले, कोणाशी बोलेनासा झाला. तेव्हा दीपाबाई पुढे झाली. थोरल्या भावाशी वैर धरण्यात शोभा नाही, वाईट सल्लागारांना दूर करावे, रघुनाथपंत हणमंत्यांना बोलावून त्यांच्या विचाराने तह करावा, असे तिने नवऱ्याला समजाविले. एकोजीने ते मानले.

येथे इंग्रजी कादंबरी असती तर दोघांचे डोळे भरून आले असते आणि प्रकरण संपले असते. दीपाबाईचे बोलणे प्रेमाचे नाही, हिशेबाचे आहे. घर फुटले तर दोन्ही शाखा जातील, हे तिला दिसते. आणि तिला मिळालेले फळही हिशेबाच्या भाषेतच आहे. तहाची जी कलमे बखरींत आली आहेत त्यांत बंगळूर आणि आसपासचा दोन लक्ष होनांचा मुलूख महाराजांनी आपल्या भावजयीला चोळीबांगडीसाठी दिल्याचे म्हटले आहे. व्यवस्था नीट ठेवली तर उत्पन्न पाच लक्षांपर्यंत जाईल, असाही हिशेब त्यात आहे. त्याहून लक्षणीय अट पुढे आहे. हा मुलूख लेकींच्या वंशात चालावा. मुलांनी त्याची देखरेख करावी, पण उत्पन्न दीपाबाई जिला देईल तिने खावे. जहागिरीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठत होते, त्या काळात एक अख्खा प्रांत आईकडून लेकीकडे जावा असे कलम लिहिले जावे, हे साधे नाही.

आता एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. दीपाबाईचा उपदेश आपल्याला कळतो तो उत्तरकालीन बखरींतूनच. संभाजी महाराजांना काळे फासणाऱ्या साक्षीदारांचीच ही जात. त्यांची एक गोष्ट खोटी म्हणून फेकावयाची आणि दुसरी गोड वाटते म्हणून जवळ करावयाची, हा न्याय होणार नाही. नवरा-बायकोचे एकांतातील बोलणे बखरकाराने कोठून ऐकले, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. मात्र एवढे म्हणता येते की कथेचा सांगाडा दुसऱ्या बाजूनेही टिकतो. कोळ्ळडमची भेट, एकोजीचे पलायन, लढाई आणि समेट या गोष्टी केवळ बखरींवर अवलंबून नाहीत. एकोजीची उदासीनता तर खुद्द महाराजांच्या पत्रात आहे. निधनापूर्वीच्या अखेरच्या काळात लिहिलेल्या या पत्रात त्यांनी भावाला कडक शब्दांत विचारले आहे की, हे वैराग्य कसले? विरक्ती म्हातारपणी पाहावी. हे दिवस पराक्रम करून दाखविण्याचे आहेत. त्याच सुमारास, १६८० च्या आरंभी, पन्हाळ्यावर ते दिलेरखानाकडून परत आलेल्या मुलाचीही समजूत घालीत होते. एक भाऊ, एक मुलगा. दोघेही वाट चुकलेले, आणि समजाविणाऱ्याच्या हाती वेळ थोडा. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज वारले.

शिवचरित्रावरील कथा-कादंबऱ्यांत एकोजीचा हा प्रसंग येतो तो बहुधा थोरल्या भावाच्या औदार्याचा नमुना म्हणून. तंजावरच्या वाड्यातील त्या स्त्रीच्या बाजूने तो पाहिला तर चित्र पालटते. पराभूत आणि रुसलेला नवरा, दारात जिंकलेला दीर, आणि दोहोंच्या मध्ये उभी राहून सन्मान्य वाट काढणारी बाई. तिचे पुत्र शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे तिघेही पुढे एकामागून एक तंजावरच्या गादीवर बसले. पैकी शहाजी स्वतः कवी होता; त्याच्या दरबारात मराठी, तेलुगू आणि संस्कृत या तिन्ही भाषा सुखाने नांदल्या.

चोळीबांगडीचा मुलूख मात्र लेकींच्या वंशात गेला नाही. तंजावराहून बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा भोसल्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लक्ष रुपयांना देण्याची बोलणी चालविली. सौदा पुरा होण्यापूर्वीच, १६८७ च्या जुलैत, औरंगजेबाचा सरदार कासिमखान याने शहर घेतले. आणि थोड्याच दिवसांत तेवढीच रक्कम घेऊन ते चिक्कदेवराजाच्या हवाली केले.