गोव्याचा जनमत कौल, १९६७

निवडणूक जिंकलेल्या बहुमताला राज्य चालवण्याचा अधिकार मिळतो. पण ज्या प्रदेशाने ते बहुमत दिले, त्या प्रदेशाचे वेगळे अस्तित्व संपवण्याचा अधिकारही त्याला मिळतो का? लोकशाही विचारातला हा जुना प्रश्न १९६३ ते १९६७ या काळात गोव्याच्या राजकारणात प्रत्यक्ष उभा राहिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांनीच त्याचा निकाल लावला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. पुढच्या वर्षी बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांचा भारताच्या संघप्रदेशांत समावेश झाला. डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली, ती महाराष्ट्रात विलीन होण्याच्या प्रश्नावर. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला ३० पैकी १२ जागा मिळाल्या. डॉ. जॅक सिक्वेरा हे त्याचे नेते होते.

मगोला मिळालेल्या मतांमागे खरी दुखणी होती. बहुजन समाजातली कुळे आणि मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे) पिढ्यान्‌पिढ्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनीवर राबत आले होते. वेगळ्या गोव्यात पुन्हा त्याच मूठभर घराण्यांचे राज्य येईल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. शाळा, कीर्तन, नाटक यांची भाषा मराठी असल्याने महाराष्ट्र त्यांना परका वाटत नव्हता. बांदोडकरांच्या सरकारने १९६४ मध्ये कूळ कायदा आणला आणि गावोगावी मराठी शाळा काढल्या, तेव्हा या मतदाराचा विश्वास वाढला.

मात्र या मतांचा अर्थ काय, यावर तीव्र मतभेद झाले. मगोचे म्हणणे असे की, निवडणूक विलीनीकरणावरच लढवली गेली, लोकांनी कौल दिला, आता अंमलबजावणी तेवढी उरली. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव मंजूर केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याला अनुकूल ठराव केला. विरोधकांचा युक्तिवाद वेगळा होता. सरकार नको झाले तर मतदार पाच वर्षांनी ते बदलू शकतो; विलीनीकरण मात्र पुन्हा उलटवता येत नाही, कारण ते उलटवू शकणारी विधानसभाच उरत नाही. असा निर्णय आमदारांच्या बहुमताने होता कामा नये.

या युक्तिवादाला राज्यशास्त्रात जुना आधार आहे. कायदे करण्याची सत्ता लोकांनी विश्वासाने सोपवलेली असते, म्हणून विधिमंडळ ती परस्पर दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही, असे जॉन लॉकने सतराव्या शतकातच मांडले होते. तरीही १८०० साली आयर्लंडच्या संसदेने, सर्वसामान्य जनतेचा कौल न घेता, स्वतःच्या विसर्जनाचा कायदा मंजूर केला. त्या निर्णयाची कटुता आयर्लंडच्या राजकारणात शतकभर टिकली.

भारतीय कायद्याने गोव्यात कौल घेण्याची सक्ती केलेली नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार प्रदेशांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे आहे आणि त्यासाठी साधे बहुमत पुरते. त्यामुळे येथे सत्तेला जी मर्यादा पडली ती कायद्याची नव्हती, लोकांच्या आग्रहाची होती. गोव्याचे भवितव्य गोमंतकीयांच्या इच्छेनेच ठरेल, अशी नेहरूंची भूमिका होती. सिक्वेरा यांनी जनमताची मागणी लावून धरली, तर काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत तिचा पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलासाठी स्वतंत्र कायदा केला.

कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रदेशात राष्ट्रपती राजवट आली. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने. स्वतंत्र घटकराज्याचा पर्याय तिथे नव्हता. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार द्यावा, ही मागणीही मान्य झाली नाही. लोक सार्वभौम असले, तरी त्यांना काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हे संसदेनेच ठरवले.

प्रचारात दोन्ही बाजूंनी मराठी वापरली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. मडगावचा ‘राष्ट्रमत’ चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखाली विलीनीकरणाविरुद्ध लढत होता आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर घरोघरी वाचले जाई. मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदारापर्यंत वेगळ्या गोव्याची बाजू पोचली ती याच मार्गाने. शाहीर उल्हास बुयांव यांच्या कोकणी गाण्यांनी तीच बाजू गावागावांत नेली.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. ख्रिस्ती मतदार अल्पसंख्य असल्याने हिंदूंच्या लक्षणीय पाठिंब्याशिवाय हा निकाल शक्य नव्हता. दमण व दीवच्या मतदारांनीही गुजरातमध्ये जाण्याऐवजी संघप्रदेशात राहणे पसंत केले.

यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्ता दिली; बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विरोधकांचा मूळ मुद्दा याहून स्पष्टपणे सिद्ध होणे अवघड होते. कुळांना न्याय देणारे सरकार लोकांना हवे होते, पण त्या सरकारच्या हातून गोव्याचे विलीनीकरण बहुसंख्यांना नको होते. एकाच मतपेटीतून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे काढली गेली असती, तर लोकांच्या नावाने लोकांच्या इच्छेविरुद्ध निर्णय झाला असता.

संसदेचा सीमा बदलण्याचा अधिकार या कौलानंतरही अबाधित राहिला, पण विलीनीकरणाचा मार्ग राजकीयदृष्ट्या बंद झाला. कौलात न विचारलेला घटकराज्याचा प्रश्न सुटायला आणखी वीस वर्षे लागली. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले, तर दमण व दीव संघप्रदेश म्हणून वेगळे राहिले.