गाडी येतेय, हे आपल्याला कोण सांगतं?

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज स्टेशनावरच्या पाटीबद्दल बोलू या. पाटी म्हणजे इंडिकेटर. गाडी कुठली, किती वाजता, कुठल्या फलाटावर, हे सांगणारी. पालघरच्या जिल्हा परिषदेत काम असो, बोईसरच्या एमआयडीसीत पाळी असो, की सातपाटीची मासळी मुंबईला न्यायची असो, आपला दिवस या पाटीवर चालतो. पण पाटी आली कुठून, तिच्याआधी काय होतं, हे आपण कधी विचारत नाही.

आपली रेल्वे फार जुनी. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती 16 एप्रिल 1853 ला. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1864 मध्ये, बीबीसीआय कंपनीचा, म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि गुजरात जोडला गेला. तो मार्ग आपल्या डहाणू, बोईसर, पालघर, सफाळ्यावरूनच जातो. पुढे 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. जाताना एक, येताना एक. बस्स.

आता विचार करा, दिवसाला एकच गाडी असेल तर पाटी कशाला हवी? धूर दिसला की ती आपलीच. गाड्या वाढल्या, एकाच फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या गाड्या लागायला लागल्या, तेव्हा पाटीची गरज पडली. पाटीचा इतिहास हा गर्दीचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

त्या काळात आणखी एक घोटाळा होता, वेळेचा. मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, ती मुंबईच्या पुढे साधारण अर्धा तास. म्हणजे मुंबईच्या घड्याळावर विसंबून निघालं तर गाडी गेलेली! 1 जानेवारी 1906 पासून सगळ्या देशासाठी एक वेळ ठरली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढची. मुंबईकरांना ते पटलं नाही, आणि शहराने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. आपल्या आज्या-पणज्यांना या भांडणाचं काही नव्हतं. त्या कोंबड्याच्या बांगेला उठायच्या आणि गाडीच्या आधी तासभर स्टेशनात जाऊन बसायच्या. आजही आपल्यातल्या काही मावश्या तसंच करतात. त्याला अडाणीपणा म्हणू नये, गाडी चुकू न देण्याची ती पक्की रीत होती.

गावातल्या वयस्कर बायकांना विचारलं, की तुमच्या वेळी गाडी येतेय हे कसं कळायचं, तर तीन गोष्टी निघतात. पहिली घंटा. रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, त्यावर ठोके पडले की आधीच्या स्टेशनातून गाडी सुटली. दुसरी गोष्ट सिग्नल. उंच खांबाला लाकडी किंवा पत्र्याचा हात. हात आडवा असेल तर थांबा, खाली पडला की गाडीला वाट मोकळी. रात्री त्याच खांबावर कंदील, तांबड्या-हिरव्या काचेचा. ‘सिग्नल पडला’ हे आपण आजही म्हणतो ना, ते त्या पडणाऱ्या हातावरून आलंय. आता दिव्याचे सिग्नल आहेत, ते कुठे पडतात? शब्द मात्र राहिला. आणि तिसरी गोष्ट काळा फळा. गाडीला उशीर असेल तर स्टेशनातला माणूस खडूने लिहायचा. तो फळा वाचता आला नाही तर लिहिणारा माणूस समोरच उभा असायचा. त्याला विचारलं की झालं.

या तीन गोष्टींतल्या दोन अशा, की त्यांना अक्षरओळख लागत नाही. ठोके ऐकायचे, हात बघायचा.

मुंबईत मात्र घंटेवर भागेना. 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, 1936 मध्ये ती विरारला पोचली. गाड्या वाढल्या, त्यात स्लो कुठली, फास्ट कुठली, हा नवा प्रश्न. त्यासाठी मोठ्या स्टेशनांत यंत्राचे इंडिकेटर लागले. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या ज्या बायका मुंबईला जात-येत होत्या त्यांना आठवतील. गोल घड्याळाचं तोंड, त्याला दोन काटे, आणि सोबत गाडी जाणार त्या गावाच्या नावाची पट्टी. गंमत म्हणजे ते घड्याळ नव्हतंच. काटे चालायचे नाहीत. पुढची गाडी कितीला, त्या वेळेवर ते लावून ठेवलेले असायचे. नवीन माणूस बघून म्हणायचा, अरे, घड्याळ बंद पडलंय!

आता अक्षर न येणाऱ्या बाईच्या डोळ्याने ते काटे बघा. घरच्या भिंतीवर घड्याळ असतं. लहान काटा पाचावर, मोठा सहावर, म्हणजे साडेपाच. एवढं बघायला शाळेत जावं लागत नाही. नावाची पट्टीसुद्धा रोजची ओळखीची व्हायची, जशी आपल्याला पोस्टाची पेटी न वाचता ओळखता येते.

परदेशात याच कामाला दुसरं यंत्र होतं. इटलीतल्या उदीने गावच्या सोलारी कंपनीने बारीक पत्र्यांच्या पाट्या केल्या, त्यांतली पहिली 1956 मध्ये बेल्जियममधल्या लीएज स्टेशनात लागली. पत्त्यांचा जुडगा पिसल्यासारखा खडखडाट व्हायचा आणि नाव बदलायचं. आवाज आला की अख्खं स्टेशन मान वर करून बघायचं. अमेरिकेत फिलाडेल्फिया स्टेशनातला असा फलक जानेवारी 2019 मध्ये उतरवला तेव्हा लोक हळहळले. पण यंत्र जुनं झालं, सुटे भाग मिळेनासे झाले, की कोण काय करणार? आपल्याकडचे काट्यांचे इंडिकेटरही असेच एकेक करून गेले. त्यांच्या जागी दिव्यांचे आकडे आले, आणि आता टीव्हीसारखे पडदे.

पडद्याने फायदा केला नाही असं मी म्हणणार नाही. चर्चगेट ते विरार गाड्यांवर संगणकाची नजर असते, म्हणून गाडी किती मिनिटांत येतेय तेही पाटीवर दिसतं. बारा डब्यांची की पंधरा, तेही कळतं, म्हणजे लेडीज डबा कुठे येणार याचा अंदाज घेता येतो. काटा लावलेल्या पाटीने हे कधी सांगितलं नसतं.

पडद्याच्या जोडीला आवाजही आला. 1982 मध्ये मध्य रेल्वेत निवेदिका म्हणून लागलेल्या सरला चौधरी यांचा आवाज पुढे देशभरातल्या स्टेशनांत पोचला. गर्दीला वाट दाखवणारा तो आवाज एका बाईचा आहे, हे आपण लक्षात ठेवू या. 5 मे 1992 ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सोडली, नंतर ती विरारपर्यंत आली. तेव्हापासून पाटीवर ‘लेडीज स्पेशल’ हे शब्दही आले.

आपल्या पट्ट्यात खरा बदल झाला तो 2013 मध्ये. त्याआधी डहाणू-पालघरच्या बाईला शटल किंवा मेमूने विरार गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. 16 एप्रिल 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत यायला लागली, चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. पुढच्या वर्षी, 1 ऑगस्ट 2014 ला, पालघर जिल्हा झाला, आणि डहाणू-तलासरीच्या बायकांचं पालघरला जाणं वाढलं. आता एकाच स्टेशनात लोकल, मेमू, एक्स्प्रेस, आणि न थांबता धडधडत जाणारी मालगाडी. मुंबईला जो प्रश्न फार पूर्वी पडला होता, तो आपल्याला आता पडलाय.

आणि इथेच पडदा आपल्यातल्या काहींना अडतो. स्टेशनाच्या नावाची पिवळी पाटी बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही एकावेळी, हलत नाहीत. पडद्यावर त्याच भाषा एकामागून एक येतात. जी बाई अक्षराला अक्षर जोडून वाचते, तिचं ‘बो... ई...’ होईपर्यंत इंग्रजी आलेलं असतं. ती परत मराठीची वाट बघते, तोवर गाडी फलाटाला लागते. बोईसरला संध्याकाळची गाडी सुटली तर पुढची कधी तासाभराने. घरी लहान पोरं, स्टेशनापासून पाड्यापर्यंत अंधारातली पायवाट. फलाट चुकला म्हणून घाईत रूळ ओलांडणं तर त्याहून वाईट. शिकलेल्या माणसाला ही गोष्ट फार छोटी वाटते.

आमच्या गटांत मी एक बघितलंय. ज्या बायकांना अक्षरं अडतात, त्यांना आकडे अडत नाहीत. पासबुकातली शिल्लक, हप्ता, व्याज त्या बरोबर बघतात. मग पाटीही आकड्यांनी का वाचू नये? भाषा बदलली तरी गाडीचा नंबर आणि वेळ तीच राहते. 20 डिसेंबर 2010 पासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झालेत. 9 ने सुरू होणारा नंबर मुंबईच्या लोकलचा, 6 ने सुरू होणारा मेमूचा, 1 किंवा 2 ने सुरू होणारा लांबच्या गाडीचा. 0 असेल तर ती जादा सोडलेली गाडी. आणि वेळ चोवीस तासांची असते. दुपारी एकनंतर बारा वजा करायचे: 17:30 म्हणजे साडेपाच. आमच्या एका बैठकीत वजाबाकी शिकवायला बसले, तर एक काकू म्हणाल्या, ‘दोन काढ आणि पुढचा एक विसर.’ सतरातून दोन काढले पंधरा, एक विसरला, राहिले पाच. विसाच्या आत ही युक्ती चालते. रात्री आठनंतर मात्र बाराच वजा करा.

पडद्याचं आणखी एक. 28 मे 2024 ला संध्याकाळी पालघर स्टेशनात मालगाडीचे डबे घसरले, डहाणूच्या लोकल बंद पडल्या. अशा दिवशी गाडी कितीला हा प्रश्नच नसतो, येणार की नाही हा असतो. काळ्या फळ्याच्या काळात त्याचं उत्तर द्यायला खडूवाला माणूस होता. आता तो समोर नसतो, पण स्टेशनमास्तरांची खोली आहे, चौकशीची खिडकी आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नका. तिकीट आपण पैसे देऊन काढलेलं असतं.

बोईसरला आता बुलेट ट्रेनचंही स्टेशन व्हायचं आहे, विरार-डहाणू मार्गावर तिसरा-चौथा रूळ व्हायचा आहे. म्हणजे पडदे वाढणारच. म्हणून आमच्या तीन गटांनी मिळून आपल्या भागातल्या एका स्टेशनात अर्ज दिला. दोनच मागण्या: पडद्यावर मराठी थोडा जास्त वेळ थांबावी, आणि सकाळ-संध्याकाळच्या गाड्यांची एक न हलणारी, मोठ्या आकड्यांची पाटी तिकीट खिडकीजवळ लावावी. खाली बावीस सह्या आहेत, चार अंगठे. पोच मिळाली आहे, ती गटाच्या फाईलला लावली. तुमच्या गटाला असाच अर्ज द्यायचा असेल तर नमुना आमच्याकडे आहे, बैठकीच्या दिवशी येऊन उतरवून घ्या.