श्रीरामपूरचा डावखुरा आणि पारख्यांची चाळणी

दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचे स्टेशन आहे. तिथे उतरले की गाव लागते श्रीरामपूर. प्रवरेचे कालवे, ऊस, साखर कारखाने ही या भागाची ओळख. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खानचा जन्म झाला. शाळाही इथेच झाली. पुढे ९२ कसोटी सामन्यांत त्याने ३११ बळी घेतले. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा भारताच्या वेगवान गोलंदाजांत त्याच्यापुढे फक्त कपिल देव होता.

हे सारे क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांना पाठ असते. आपण आज वेगळा प्रश्न घेऊ. हा मुलगा कोणाला, कुठे आणि कसा दिसला? ‘हिऱ्याची पारख जोहऱ्याला’ असे आपण म्हणतो. पण जोहऱ्यापर्यंत हिरा पोहोचावा लागतो, आणि पोहोचल्यावरही जोहरी कितीदा चुकतो हे मोजून पाहता येते.

आधी थोडा भूगोल. क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र एक नाही, तीन आहेत. मुंबई आणि तिच्या आसपासचा भाग मुंबईच्या संघटनेकडे, विदर्भ नागपूरच्या संघटनेकडे आणि उरलेला महाराष्ट्र पुण्याच्या संघटनेकडे. श्रीरामपूर अर्थातच पुण्याकडे. म्हणजे सरळ वाटेने गेला असता तर झहीर महाराष्ट्राच्या संघात दिसायला हवा होता. तो गेला मुंबईला, सतराव्या वर्षी. अभियांत्रिकी की क्रिकेट, असा प्रश्न घरात उभा होता आणि वडिलांनी क्रिकेटच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे हा निर्णय किती घरांत होतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

मुंबईत तो नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्याकडे आला. नाईकांची गोष्ट इथे थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. १९७०-७१ च्या मोसमात मुंबईचे नामवंत खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना उरलेल्या मुलांना घेऊन नाईकांनी मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. पुढच्या मोसमात नामवंत परतले आणि जिंकलेल्या कर्णधारालाच संघाबाहेर बसावे लागले. पुढे ते भारताकडून ३ कसोटी खेळले. निवड या गोष्टीची दोन्ही टोके त्यांनी पाहिली होती. असा माणूस मैदानावर मुलांना पाहत उभा राहतो, तेव्हा तो नुसती धावफलकावरची आकडेवारी पाहत नसणार.

मुंबईच्या मैदानांची म्हणून एक चाळणी आहे. शालेय मुलांसाठी हॅरिस आणि जाईल्स ढाल, १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग, मग क्लबांचे सामने. एकाच मैदानावर अनेक सामने शेजारीशेजारी चालतात आणि कडेला जुने खेळाडू उभे असतात. मुलाने दोन सामन्यांत चमक दाखवली की तिसऱ्याला आणखी चार डोळे त्याच्याकडे वळतात. श्रीरामपूर, नेवासे, पाथर्डी इथे मुले कमी नाहीत, कमी आहेत ते हे डोळे.

तिथून झहीर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोहोचला. ही संस्था १९८७ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली तिचे मार्गदर्शक आणि भारताचे माजी गोलंदाज टी. ए. शेखर तिथले प्रशिक्षक. पहिल्या-वहिल्या निवडीला मुंबईहून एक शाळकरी मुलगा वेगवान गोलंदाज व्हायचे म्हणून गेला होता. लिलींनी त्याला नाकारले आणि फलंदाजीकडे लक्ष दे असे सुचवले. तो सचिन तेंडुलकर. पारखी नकार देतो तोही कधी कधी उत्तम पारख असतो!

झहीर प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागला तो बडोद्याकडून. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. १९९५-९६ च्या सुमारास श्रीरामपूर सोडलेला मुलगा चार-पाच वर्षांत भारताच्या संघात होता.

या पारख्यांना काय दिसले असेल? काही गोष्टी उघड्या डोळ्यांनी दिसतात: उंची, खांद्याची ताकद, वेग. आणि डावा हात. माणसांत डावखुरे साधारण दहात एक. गोलंदाज यष्ट्यांच्या नेहमीच्या बाजूने आला तर डावखुऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या पायांकडून निघून तिरका बाहेर जाऊ लागतो. तोच चेंडू हवेत उलट आत वळला की फलंदाजाचा अंदाज चुकतो. फलंदाजांना असा कोन रोज खेळायला मिळत नाही, हाही फायदा. म्हणून चांगला वेग असलेला डावखुरा मुलगा दिसला की कुठल्याही पारख्याचे लक्ष जाणारच.

पण गंमत पुढे आहे. झहीर ज्या गुणांसाठी निवडला गेला, त्याच गुणांवर तो मोठा झाला असे म्हणता येत नाही. दुखापती झाल्या, संघातले स्थान गेले. २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून मोसमभर खेळला आणि त्यानंतरचा झहीर वेगळाच होता. धाव आखूड, वेग थोडा कमी, पण जुना चेंडू उलटा वळवण्याची कला पक्की आणि डोके थंड. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. त्यांतला वेस्ट इंडीजच्या डेव्हन स्मिथचा त्रिफळा ‘नकल बॉल’वर होता. या चेंडूची पकड अशी की तो सुटताना जवळजवळ फिरतच नाही. हाताचा वेग तोच दिसतो, चेंडू मात्र हळू येतो. सतरा वर्षांच्या मुलात हे काही दिसणे शक्यच नव्हते. दिसू शकत होती ती फार तर शिकण्याची तयारी, आणि ती मोजायला कुठलीही पट्टी नाही.

हा नकल बॉल मूळचा बेसबॉलमधला. म्हणून या निमित्ताने बेसबॉलकडे एक चक्कर मारू. पारखीचा प्रश्न जपानने जितक्या पद्धतशीरपणे मांडला आहे तितका थोड्याच देशांनी मांडला असेल. तिथे १२ व्यावसायिक संघ आहेत. पूर्वी चांगल्या मुलासाठी श्रीमंत संघ पैशांच्या थैल्या मोकळ्या करत. १९६५ पासून वार्षिक निवडसभा सुरू झाली. पहिल्या फेरीत प्रत्येक संघ आपल्याला हवा तो मुलगा जाहीर करतो. एकाच मुलावर अनेकांनी बोट ठेवले तर चिठ्ठ्या टाकतात. १९८९ मध्ये हिदेओ नोमो या चेंडूफेक्यासाठी ८ संघ चिठ्ठी उचलायला उभे होते. पुढे तो अमेरिकेतही गाजला, म्हणजे आठही संघांची पारख बरोबर होती.

दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, इचिरो सुझुकी नावाच्या सडपातळ मुलाचे नाव ओरिक्स संघाने घेतले ते थेट चौथ्या फेरीत. शाळेत तो चेंडूफेक्या होता. निवड झाल्यानंतरची पहिली दोन वर्षे त्याने बहुतांश दुसऱ्या संघात काढली. पाय झुलवत बॅट फिरवण्याची त्याची रीत वरिष्ठांना पसंत नव्हती. १९९४ मध्ये आकिरा ओगी हे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी रीत न बदलता त्याला मुख्य संघात रोज खेळवले आणि त्या मोसमात त्याने २१० ‘हिट’ मारून जपानचा विक्रम मोडला. पुढे अमेरिकेत ३०८९. मुलगा तोच आणि झुलवणेही तेच. पाहणारा बदलला.

असा प्रकार आपल्याकडेही झाला आहे. २००८ मध्ये आयपीएल सुरू होताना १९ वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातली मुले लिलावाने नव्हे, जपानसारखी पाळीपाळीने निवडली गेली. पहिली पाळी दिल्लीची. दिल्लीने आपल्याच गावचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरला गेला. आज हे वाचून हसू येते, पण दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते आणि डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचे मोल आपण वर पाहिलेच आहे. त्या दिवशीच्या माहितीवर तो निर्णय वेडेपणाचा नव्हता.

पारखी इतके चुकतात ते अडाणी असतात म्हणून नव्हे. फळ्यावर एक कल्पित हिशेब मांडून पाहा. समजा, १००० मुलांत खरोखर असामान्य १० आहेत. आपला पारखी फार हुशार आहे: १० पैकी ८ तो ओळखतो, आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त ५ टक्क्यांच्या बाबतीत त्याची फसगत होते. म्हणजे चुकून निवडलेले झाले सुमारे ५०. एकूण निवड ५८, त्यांत खरे ८. सातात जेमतेम एक! दुर्मिळ गोष्ट शोधताना हे अटळ असते. रोगनिदानाच्या चाचण्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. उपाय एकच, पुन्हा पुन्हा पाहणे. जपानी संघांचे लोक एकेका शाळकरी मुलाला कित्येक सामन्यांत पाहतात ते यासाठीच. आणि राहून गेलेले दोघे? त्यांची नोंद कुठेच होत नाही, म्हणून पारख्याला आपली ही चूक कधी कळतही नाही.

शिवाय ही मुले वाढीच्या वयातली असतात, त्यामुळे गुंता वाढतो. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकीपटूंचे जन्ममहिने तपासले. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू बरेच जास्त निघाले. ग्रहताऱ्यांचा संबंध नाही. तिथे वयोगट १ जानेवारीला बदलतो, म्हणून जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. मोठा मुलगा ‘गुणी’ ठरतो, त्याला जास्त सराव मिळतो आणि मग तो खरोखरच गुणी होतो.

आपल्याकडे वयाच्या दाखल्यांचाच घोळ, म्हणून भारतीय क्रिकेट मंडळाने २०१२ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांसाठी हाडांवरून वय ठरवण्याची टीडब्ल्यू-३ चाचणी आणली. यात मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो आणि वयाबरोबर त्याचे हाड बनत जाते. ते कितपत झाले यावरून हाडांचे वय काढतात. पण हाडांचे वय हे जन्मदाखल्याचे वय नव्हे. निरोगी मुलांतही दोहोंत वर्षभराचा फरक सहज पडतो. लवकर वाढणारा प्रामाणिक मुलगाही या चाळणीत अडकू शकतो.

पाहणारे डोळे गावांपर्यंत नेण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्याकडे झाला होता. २००२ मध्ये मंडळाने दिलीप वेंगसरकर यांच्या नेतृत्वाखाली गुणवत्ता शोधणारी शाखा काढली. कल्पना होती क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची. जुने रणजीपटू छोट्या केंद्रांवरचे सामने पाहून अहवाल लिहीत. प्रकाश पोद्दार आणि राजू मुखर्जी यांनी जमशेदपूरला महेंद्रसिंग धोनी पाहिला तो याच कामात. धोनी तेव्हा २१ वर्षांचा, नव्या मुलांच्या यादीत बसण्याचे वय उलटलेला. तरीही अहवाल गेला. पुढे मंडळातली सत्ता बदलली आणि ही शाखा गुंडाळली गेली. आमच्या मते ते मोठे नुकसान होते. आता आयपीएल संघांचे पगारी पारखी गावोगावचे सामने पाहतात. झहीर स्वतः २०१८ पासून मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात आला आणि २०२२ मध्ये त्याच्याकडे खेळाडू घडवण्याच्या कामाची मोठी जबाबदारी आली. पण संघाचा पारखी संघाची गरज पाहतो. गरज नसलेला मुलगा कसा सुटतो, हे २००८ मध्ये दिसले.

जिल्ह्यातले दुसरे मोठे नाव अजिंक्य रहाणे. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, ६ जून १९८८. घडला डोंबिवलीत, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, आणि पुढे प्रवीण आमरे यांच्या हाताखाली. २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला शतक काढून त्याने मालिका फिरवली. दोघांची नावे जिल्ह्याच्या अभिमानाच्या यादीत शेजारीशेजारी असतात. पण दोघेही पारख्यांना दिसले ते जिल्ह्याबाहेर.

बार्न्सलींचा प्रयोग कोणत्याही शाळेत एका तासात होतो. गेल्या पाच-सहा वर्षांच्या शालेय संघांतल्या मुलामुलींच्या जन्मतारखा हजेरीपटातून काढा. वयोगट बदलण्याची तारीख धरून वर्षाचे चार तिमाही भाग पाडा आणि प्रत्येकात किती खेळाडू येतात ते मोजा. शेजारी सगळ्या वर्गांची तशीच मोजणी हवी, नाहीतर तुलना होणार नाही. फक्त १ जून या तारखा वेगळ्या काढून ठेवा. नाव घालायला आलेल्या पालकाला तारीख आठवली नाही की गुरुजी १ जून लिहीत, आणि जुन्या रजिस्टरांत तो ढीग इतका मोठा असतो की बाकीचे अकरा महिने त्यापुढे दिसेनासे होतात.