निश मार्केट म्हणजे काय? फायद्याचं कसं शोधायचं?

निश म्हणजे मोठ्या बाजारातला छोटा, नेमका कोपरा. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर अर्जुनी मोरगाव भागात धान पिकतो. ऑनलाइन नुसता 'तांदूळ' विकाल तर मोठ्या ब्रँडशी गाठ आहे. 'पुण्यातल्या वैदर्भीयांसाठी सुवासिक चिन्नोर' ही झाली निश.

मागणी बघा: गूगल ट्रेंड्सवर दोन्ही शब्दांची तुलना करा. तिथले ० ते १०० आकडे सापेक्ष असतात, सर्चची संख्या नव्हे.

हिशोब करा: समजा, १ किलो १४० रुपयांना विकला. माल ८०, पॅकिंग १५, कुरिअर ६०. म्हणजे १५ रुपये तोटा! ५ किलोचं पॅक ७०० ला विकलं, खर्च ४००, ३० आणि १५०, तर १२० रुपये सुटतात.

सुरुवात: एफएसएसएआय नोंदणी करा, व्हॉट्सॲपवर दहा ऑर्डर घेऊन बघा. वेबसाइट नंतर.