पाणी, वीज आणि मत्स्यकुंड

काचेच्या मत्स्यकुंडांत मासे सुखानें विहरतात, आणि पाणी तापविणारें व त्यांत हवा खेळविणारें विजेचें साहित्य शेजारींच चालू असतें. पाणी व वीज यांना असें एकत्र नांदविण्याचा प्रश्न प्रथम सुटला तो समुद्रांत.

१८४७ सालीं वेर्नर सीमेन्स यानें तारेवर गटापर्चाचें, म्हणजे मलायांतील एका वृक्षाच्या चिकाचें, अखंड वेष्टन चढविण्याची युक्ति काढली. १८५० सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमध्यें टाकलेली तार लवकरच तुटली. पुढील वर्षीं वेष्टनावर लोखंडी तारांचें कवच चढविलें, तेव्हां ती टिकली. १८७० सालीं मुंबई समुद्रतारेनें इंग्लंडशीं जोडली गेली, ती याच चिकाच्या बळावर.

समुद्रतळीं हा चीक दीर्घकाळ टिके. हवेंत मात्र तो वाळून तडके. वेष्टन कोणतेंहि असो, तें अमर नाहीं. आणि फटींतून पाण्यांत उतरलेली वीज कुंडांत घातलेल्या हाताचा प्राण घेऊं शकते. म्हणून १९६१ सालीं अमेरिकन प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यानें वेष्टनाच्या जोडीला पहारेकरी दिला. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत अँपिअरच्या दोनशेंव्या भागाइतका फरक पडला, कीं त्याचें यंत्र क्षणार्धांत प्रवाह तोडी.

या दोन उपायांस तिसरा, बिनखर्चाचा, जोडावा : तारेला खटक्याच्या पातळीखालीं झोळ ठेवावा. ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडतें, वर चढत नाहीं. आणि कुंडांत हात घालण्यापूर्वीं प्रवाह बंद करावा. कारण उत्तम पहारेकऱ्यालाहि कधीं डुलकी लागते.